संकष्टीचं अंडं

शेतातल्या वालाच्या शेंगा पिवळ्या पडून खुळखुळायला लागल्या, होळीची लाकडं मैदानात येऊन पडायला लागली, की आमच्या कडाव गावात मला एक प्रश्न हमखास विचारला जातो. समोरच्या घरातली शालन तर आपल्या ओट्यावरूनच हाक मारते, "रोजी, तुझं बरंच कवा हाय गं यंदा?"

बरंच म्हणजे ब्रंच. ईस्टरच्या रविवारी आमच्या अंगणात उशिराचा नाश्ता आणि लवकरचं जेवण यांची जी मोट बांधली जाते, तिला आमच्या आळीनं दिलेलं हे नाव. आधी मी ते दुरुस्त करायचे. आता करत नाही, कारण त्यांचंच नाव जास्त खरं आहे. सकाळी सुरू होतं, कधी संपेल ते कुणी सांगू शकत नाही, आणि खायला खरोखरच बरंच असतं.

यंदाही शालननं विचारलं. मी भिंतीवरचं कॅलेंडर बघून रविवार सांगितला आणि तशीच ओट्यावर टेकले. पश्चिमेला माथेरानचा डोंगर धुरकट निळा दिसत होता. खाली कालव्याच्या पाण्यावर उन्हाळी भात हिरवंगार उभं होतं आणि त्याच्या अलीकडे पावसाळी भाताची कापलेली शेतं नुसती धसकटं घेऊन तापत होती. आमच्याकडे मार्च असाच असतो, एका बांधावर दोन ऋतू. त्याच्याकडे बघताना मला ते पहिलं वर्ष आठवलं. आठवलं म्हणणंही खरं नाही. हा ओला आणि हा करपट वास एकत्र आला की ते वर्ष आपोआपच येतं.

मी मूळची वसईची, ख्रिस्ती घरातली. कर्जतला एका दवाखान्यात नर्स म्हणून नोकरीला आले आणि हात मोडून आलेल्या गजाननशी लग्न करून कडावची झाले. गजानन शेतकरी घरातला, खालापूरकडच्या एका कारखान्यात पाळीवर जाणारा. लग्नाला माझे वडील आले, आई आली नाही. माझ्या आईला आम्ही माय म्हणतो. माय पुढे नातीच्या बारशाला आली, वडिलांबरोबर गणपतीतही एकदोनदा आली; पण आली ती पाहुणी म्हणून. चहा घ्यायचा, नातीच्या हातावर काहीतरी ठेवायचं आणि ऊन उतरायच्या आत परतीची वाट धरायची. माझ्या घरात तिनं कधी रात्र काढली नाही.

सासूबाईंनी तिला कधी आग्रह केला नाही. सासूबाईंना मी आई म्हणते. त्यांचं नाव हौसाबाई, गळ्यात तुळशीची माळ, बोलणं मोजकं. मला त्यांनी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, "तुझा देव तुझ्यापाशी, माजा माज्यापाशी. भांडी मात्र नीट घासायची." त्यांच्या परीनं तो स्वागताचाच शब्द होता. मी दर रविवारी कर्जतच्या चर्चला जायची, त्या संकष्टी-एकादशी करायच्या. माझा ईस्टर म्हणजे चर्चमधली सकाळची मिसा, येताना बेकरीतून केक, आणि घरी येऊन भाकऱ्या. वाईट वाटायचं असंही नाही. आपला सण आपल्यापुरता, अशी सवय झाली होती.

मग वडील गेले. वसईचं घर बिल्डरकडे गेलं, भाऊ आखातात. दिवाळीच्या सुमारास माय एक ट्रंक, एक क्रूस आणि फुगे तळायची मोठी कढई घेऊन कडावला आली. आणि आल्या दिवशीच ओट्यावर बसून मला म्हणाली, "ईस्टरपर्यंत राहते. मग वसईला सिस्टरांच्या आश्रमात जाते. मी बोलून ठेवलंय."

"का पण, माय?"

"लेकीच्या घरी म्हातारपण काढायचं नसतं."

तिच्या आईनं तिला हेच सांगितलं होतं, तिच्या आईला तिच्या आईनं. या वाक्याला उत्तर नसतं, कारण ते कुणाशी भांडायला आलेलं नसतं. ते आपलं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं असतं. आई आत तांदूळ निवडत होत्या. त्यांनी ऐकलं असणारच. सुपाचा आवाज क्षणभर थांबला आणि पुन्हा सुरू झाला.

तो हिवाळा दोन म्हाताऱ्या बायकांच्या मधे उभं राहून काढला मी. ओट्याच्या एका टोकाला आई, दुसऱ्या टोकाला माय, मधे तुळस. दोघी एकमेकींशी वाईट एक शब्द बोलत नव्हत्या, चांगलाही नाही. जे काय बोलायचं ते माझ्यातर्फे.

"तुज्या आईला इचार, घावणे खाणार का."

माय तिथून दोन हातांच्या अंतरावर बसलेली. मी विचारायची, ती मला सांगायची, "तुझ्या सासूला म्हणावं, एक चालेल." मी वळून आईंना सांगायची, "एक चालेल म्हणतेय." गजानन कामावरून आला की हे ऐकून हसू दाबत विहिरीकडे जायचा. मला मात्र हसू येत नव्हतं. आपल्याच घरात दुभाष्याची नोकरी लागली होती.

होळीच्या आधी, वालाला शेंगा धरल्या त्या दिवसांत, मायचे उपासाचे चाळीस दिवस सुरू झाले. राखेच्या बुधवारी कपाळावर राखेचा क्रूस घेऊन ती कर्जतहून परतली. आईंनी तिच्या कपाळाकडे बघितलं, पण काही विचारलं नाही. त्या दिवसापासून मायनं मासमच्छी बंद केली आणि गोडही बंद केलं. चहासुद्धा बिनसाखरेचा. दुपारी एकदाच जेवायचं, भात आणि डाळ.

पहिल्या आठवड्यात आईंना वाटलं, ही रुसली. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी मला शेतावर गाठलं. आम्ही वालाच्या शेंगा खुडत होतो. कमरेत वाकलेल्या असतानाच त्यांनी विचारलं, "तुजी आय काय जेवंना ती? माज्या हातचं नको का तिला?"

मी उपासाचं सांगितलं. येशूनं रानात चाळीस दिवस काही खाल्लं नव्हतं, त्याची आठवण म्हणून.

आई सरळ उभ्या राहिल्या. "चाळीस दिस?"

"हो."

"आन या वयात?"

"दरवर्षी करते. लहानपणापासून."

त्या पुन्हा वाकल्या, चार शेंगा खुडल्या आणि म्हणाल्या, "बाय घट हाय."

आईंच्या तोंडून एवढं निघणं म्हणजे फार झालं. स्वतः त्या वर्षभर कसले ना कसले उपास धरणाऱ्या. उपासाची किंमत त्यांना कळत होती. त्या संध्याकाळी मायच्या ताटात डाळीवर तुपाची धार थोडी मोठी पडली, एवढंच. माय माझ्याकडे बघून म्हणाली, "तुझ्या सासूला सांग, तूप चांगलं आहे." आई चुलीपाशीच होत्या. त्यांनी मी सांगायची वाट न बघता मान हलवली.

ब्रंचची कल्पना माझ्या लेकीची, मेघाची. ती तेव्हा पुण्याला कॉलेजात होती. ईस्टरला घरी येणार होती, तर फोनवर म्हणाली, "मम्मी, वसईची आजी जाणार असेल ना आश्रमात, तर तिचा हा ईस्टर मस्त करू या. उगाच पंगतबिंगत नको. ब्रंच. अंगणात सगळं मांडून ठेवायचं, ज्याला जेव्हा यायचं त्यानं यावं, हवं ते घ्यावं, गप्पा माराव्यात."

मी फोन स्पीकरवर ठेवला होता. आईंनी विचारलं, "काय म्हनते ती? बरंच?"

"ब्रंच, आजी," मेघा तिकडून म्हणाली.

"बरंच म्हंजे किती? आळीला पुरंल एवढं का?"

आळीला बोलवायचं आहे असं तोवर कुणाच्याही मनात नव्हतं. पण आईंच्या डोक्यात माणसाला बोलवायचं तर शेजाऱ्याला वगळून कसं बोलवायचं, हा विचारच बसत नव्हता. मी मायकडे पाहिलं. ती खिडकीशी बसून माळ जपत होती. तिचं बोट एका मण्यावर थांबलं. "फुगे करीन मी," ती म्हणाली. "पण ताडी लागेल. यीस्टचे फुगे मी करत नाही."

फुगे म्हणजे आमच्या वसईचा सणाचा जीव. मैदा, नारळाचं दूध, ताडी घालून भिजवलेलं सैल पीठ रात्रभर फुगवायचं. मग मुठीत घेऊन अंगठा आणि तर्जनीमधून पिळून गोळा उकळत्या तेलात सोडायचा. तेलात तो स्वतःच फिरतो, टम्म फुगतो. सोबत मसालेदार रस्सा. फुग्यांशिवाय ईस्टर म्हणजे गणपतीत मोदक नसणं.

पण ताडी आणायची कुठून? गजानन म्हणाला, मी बघतो. तो विसरला. शनिवारी सकाळी आई चप्पल घालून निघाल्या. डोंगराच्या पायथ्याच्या ठाकरवाडीत त्यांची जुनी ओळख होती. तिथली बायजा त्यांना करवंदं, कंदमुळं आणून द्यायची. दुपारी त्या परतल्या तेव्हा त्यांच्या हातात दोरीला बांधलेली ताडीची बाटली होती आणि गळ्यात नेहमीची तुळशीची माळ. शालननं ओट्यावरून ते दृश्य पाहिलं आणि तिच्यानं राहवलं नाही.

"आत्याबाय, ह्ये काय वो नवीन?"

"पिठाला पाजायचीय," आई म्हणाल्या. "मला नाय."

माय दारात उभी होती. मी इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तिला हसताना बघितलं. तोंडावर पदर घेऊन हसली ती.

इथवर सगळं छान चाललं होतं. मग संध्याकाळी आईंनी कॅलेंडरकडे बघत सहज म्हटलं, "उद्या माजा उपास हाय. संकष्टी."

मी हातातलं भांडं खाली ठेवलं. दोन्ही घरांचे सण चंद्रावरून ठरतात, हे मी जन्मभर बघत आले होते, पण कधी जोडून पाहिलं नव्हतं. ज्या पौर्णिमेला होळी पेटते, तिच्या पाठीवर कधीकधी आमचा ईस्टरचा रविवार येतो; आणि त्याच पौर्णिमेनंतर चौथ्या दिवशी संकष्टी. त्या वर्षी दोन्ही एकाच दिवशी येऊन बसले होते. चंद्रोदयापर्यंत आईंच्या पोटात धान्याचा कण जाणार नव्हता, मग फुगे कुठले आणि गजानन शेतात मडक्यात लावणार होता ती पोपटी कुठली.

माय खोलीत गेली. मी मागून गेले तर ती ट्रंक उघडून कपडे घड्या घालून ठेवत होती.

"तिला माझ्या हातचं खायचं नव्हतं, तर तसं सांगायचं," ती म्हणाली. "देवाचं नाव कशाला पुढे करायचं?"

"माय, खरंच संकष्टी आहे. वर्षानुवर्षं करतात त्या."

"असेल."

"तुझे चाळीस दिवस त्यांनी खरे मानले ना? काही विचारलं तुला?"

तिनं पुढची साडी घडीला घेतली. मीही जास्त ताणलं नाही. बाहेर येऊन मैदा चाळायला बसले. आत बराच वेळ घड्या घालण्याचा आवाज येत होता. मग तो थांबला. थोड्या वेळानं माय बाहेर आली, ती सरळ आईंच्या समोर जाऊन उभी राहिली. मधे मी नव्हते.

"तुमच्या उपासाला काजू चालतात?" तिनं विचारलं.

आईंनी वर बघितलं. "चालतात."

"साखर?"

"चालते."

"मग मला एक पातेलं द्या. ज्यात मासमच्छी कधी शिजली नाही असं."

आई उठल्या. देवघराखालच्या फडताळातून त्यांनी नैवेद्याचं पितळी पातेलं काढलं. ते पातेलं माझ्या लग्नानंतर कितीतरी वर्षं मलाही हाताळायला मिळालं नव्हतं. त्यांनी ते राखेनं पुन्हा एकदा घासलं आणि मायच्या हातात दिलं.

ईस्टरला आमच्याकडे मार्झिपानची अंडी करतात. काजू वाटून साखरेच्या पाकात आटवायचे, गुलाबपाणी घालायचं, आणि गोळा कोमट असताना अंड्याच्या आकाराच्या साच्यात दाबायचा. एरवी माय त्यात अंड्याचा पांढरा बलक घालते, गुलाबी-हिरवा रंग घालते. त्या संध्याकाळी तिनं त्यातलं काही घातलं नाही. पातेल्याजवळ कुणाला येऊ दिलं नाही. आटणाऱ्या काजूंचा गोड, तुपट वास घरभर पसरला. स्वतः तिला चव घेता येत नव्हती, कारण तिचं गोड रविवारपर्यंत बंद होतं. जिचा उपास होता तीच दुसरीच्या उपासाचं रांधत होती. मेघा दुपारीच पुण्याहून आली होती. दारातून हे बघत माझ्या कानाशी म्हणाली, "मम्मी, आपण मधे नको जायला." आम्ही गेलो नाही.

रविवारी मिसेहून परतलो तेव्हा अंगणात आंब्याखाली गजानननं सतरंज्या घातल्या होत्या. आंब्याला सुपारीएवढ्या कैऱ्या लागल्या होत्या. टेबल म्हणून दोन बाकं, त्यावर मेघानं आणलेलं फुलाफुलांचं कापड. केक, उकडलेली अंडी, कलिंगडाच्या फोडी, चहाचं मोठं पातेलं. शेताच्या कडेला गजानन आणि त्याचे भाऊबंद पोपटी लावायच्या तयारीत होते.

पोपटी हे खरं तर थंडीतलं खाणं. आमच्या रायगडात पौष-माघात रानोमाळ धूर निघतात ते तिचेच. पण त्या वर्षी कालव्याकडच्या वाफ्यात वाल उशिरा पेरला गेला होता, त्यामुळे त्याच्या शेंगा अजून हिरव्या होत्या, आणि पाण्याकाठचं भांबुर्ड्याचं सुवासिक रोपटंही अजून वाळलं नव्हतं. मडक्याच्या तळाला भांबुर्ड्याचा पाला घालायचा, त्यावर वालाच्या शेंगा, जाडं मीठ, ओवा, मधे मसाला लावलेलं कोंबडीचं मांस केळीच्या पानात गुंडाळून, आणि अंडी. वरून पुन्हा पाला दाबून तोंड बंद करायचं, मडकं उपडं ठेवायचं आणि भोवती पेंढा-लाकडं रचून पेटवायचं. शेंगा पाण्याचा थेंब न घालता आपल्याच ओलाव्यात शिजतात. मेघा म्हणाली, "बघ, ईस्टरची अंडी आपल्याकडे आधीपासूनच होती." कुणाला ते नीट कळलं नाही, पण सगळे हसले.

माणसं यायला लागली. शालन आली, तिची सासू आली, दवाखान्यातल्या माझ्या दोन मैत्रिणी कर्जतहून आल्या. "बरंच सुरू झालं का?" असं विचारतच येत होते सगळे. आत चुलीवर तेल तापलं होतं. पीठ पातेल्याच्या काठावर येऊन, फुगून, बुडबुडे सोडत होतं. ताडीचा आंबूस वास घमघमत होता. मायनं बाह्या सारल्या, पीठ मुठीत घेतलं आणि पिळायला गेली.

तिची मूठ आवळली जाईना. गेल्या वर्षभरात तिच्या बोटांतली ताकद गेली होती, हे मला माहीत होतं. ते तिनं स्वतःला कळू दिलं नव्हतं. पीठ ओघळून तेलात पडलं आणि वेडंवाकडं पसरलं. दुसरं तसंच. तिसऱ्याला तिनं दात ओठांवर दाबून धरले, तरी तसंच. मी पुढे झाले तर ती म्हणाली, "राहू दे. मी करते." तिच्या आवाजात जे होतं ते मला ऐकवेना. फुगे झाले नाहीत याचं दुःख नव्हतं ते. ज्या घरात आपण उरलो फक्त ओझं म्हणून, तिथे द्यायला होती नव्हती ती एक गोष्टही हातातून निसटली, असं काहीतरी होतं.

आई कधी आत आल्या कळलं नाही. त्यांनी हात धुतले, पदर खोचला आणि पाटावर मायच्या शेजारी बसल्या.

"दाखवा कसं करायचं."

"तुमचा उपास आहे," माय म्हणाली.

"खायचं नाय, कराया काय हाय? हाताचा उपास नसतो."

मायनं त्यांचा हात धरून पिठात घातला. भाकऱ्या थापून थापून रुंद झालेला, टणक हात. पहिला फुगा लांबट झाला, त्याला शेपूट आली. दुसऱ्यालाही. तेल चुरचुरत होतं, बाहेरून पोपटीचा धूर येत होता, आणि माय झारा घेऊन कढईशी बसून हुकूम सोडत होती.

"मूठ घट्ट. घट्ट. आता अंगठा दाब. अगं, अंगठा दाब, बोट नको."

"दाबते की."

"वरून तोड आता. पटकन. हां."

तेलात एक गोल, नितळ गोळा पडला, गर्रकन फिरला आणि फुगला. मग दुसरा, तिसरा. थोड्याच वेळात परात भरायला लागली. माय एकेक तोडून बघत होती. आईंना चाखता येत नव्हतं म्हणून तिनंच सांगितलं, "मीठ बरोबर आहे. जाळी पडली आहे. वसईत विकशील तू हे." अहो-जाहो कधी गळून पडलं, ते दोघींच्याही लक्षात आलं नाही. मी परात उचलून बाहेर नेली आणि वाट बघणाऱ्या सगळ्या माणसांसमोर ठेवली. डोळ्यांत पाणी होतं, पण तिथे धूर इतका होता की कुणी विचारलं नाही.

मग जे खाणं झालं त्याचं वर्णन काय करू. मडकं उलटं करून चादरीवर ओतलं, तेव्हा वालाच्या वाफेनं सगळं अंगण भरलं. लोक फुगे रश्शात बुडवत होते, शेंगा दातांनी ओढत होते, फुग्यात पोपटीचं मांस घालून खायची शक्कल शालनच्या सासूनं काढली. कुणाला घाई नव्हती. कुणी सतरंजीवर आडवं झालं, कुणी घरी जाऊन गुरांना पाणी दाखवून परत आलं आणि पुन्हा खायला बसलं. माय खुर्चीवर बसून प्रत्येकाला विचारत होती, "अजून एक घ्या ना." इतक्या वर्षांत मी तिच्या तोंडून हे वाक्य माझ्या घरात ऐकलं नव्हतं. पाहुण्याला ते म्हणता येत नाही. यजमानालाच म्हणता येतं.

दुपारी पांगापांग झाली. आंब्याखाली दोघी म्हाताऱ्या आणि भांडी गोळा करणारी मी आणि शालन, एवढेच उरलो. मायनं झाकलेली ताटली आणली. आत पांढरीशुभ्र, गुळगुळीत अंडी होती.

आईंनी एक उचललं, उलटसुलट करून पाहिलं. "अंडं हाय का त्यात?"

"नाव अंडं. आत काजू आणि साखर. तुझ्याच पातेल्यात केलंय."

आईंनी ते डोक्याला लावलं, प्रसाद लावतात तसं, आणि खाल्लं. डोळे मिटून खाल्लं. मग दुसरं उचललं. शालनच्या हातातली परात तिथेच थांबली. संध्याकाळपर्यंत गावभर झालं होतं की हौसाआत्यानं संकष्टीला अंडी खाल्ली, तीपण दोन. अजूनही ही गोष्ट आमच्याकडे सांगतात, आणि आई ती दुरुस्त करत नाहीत.

दुसरं अंडं संपवून त्यांनी हात पुसला. "उद्या जानार म्हनतेस?"

"हो. सकाळी गाडी येणार आहे वसईहून," माय म्हणाली. "लेकीच्या घरी किती दिवस राहायचं."

"लेकीचं घर कुठलं ह्ये?" आई म्हणाल्या. "घर माजं हाय. सात-बारा माज्या नावावर, घरपट्टी माज्या नावावर. तुज्या लेकीला मी ठेवलीय हितं. तुला पन मीच म्हनते, ऱ्हा."

तिच्या आईनं, आजीनं, पणजीनं मिळून बांधलेल्या त्या भिंतीत या बाईनं नुसतं एक दार दाखवलं होतं. मायनं पदरानं तोंड पुसलं, ताटलीतलं एक अंडं उचललं आणि चाळीस दिवसांनंतरचा आपला पहिला गोड घास त्या विहिणीसमोर खाल्ला.

त्या रात्री तिनं काय ठरवलं, मी विचारलं नाही. सकाळी गाडी आली. ड्रायव्हर आमच्याच नात्यातला मुलगा. माय नवी साडी नेसून बाहेर आली, हातात ट्रंक नव्हती. मागोमाग आई, त्यांचीही ठेवणीतली साडी.

"कुठे निघालात दोघी?" मी विचारलं.

"आश्रमात सिस्टरांना सांगून यायचं, की माझी जागा दुसऱ्या कुणाला द्या," माय म्हणाली. "फोनवर सांगणं बरं दिसत नाही. आणि हिला वसईचा बाजार दाखवायचा आहे."

"गजाननला सुकट आनायची हाय," आई म्हणाल्या. त्यांना प्रवासाचं असंच कारण लागतं.

गाडी गेली. त्या दिवशी रंगपंचमी होती. रस्त्यात पोरं पिचकाऱ्या घेऊन उभी होती. घर इतकं शांत वाटलं की मी दोनदा उगाच आत-बाहेर केलं. ऊन माथेरानच्या मागे उतरायला लागलं तेव्हा गाडी परत आली. मागच्या सीटवर दोघी आणि मधे सुक्या बोंबलांची एवढी थोरली माळ. दोघींच्या पांढऱ्या केसांवर कुणीतरी गुलाल टाकला होता. माळ कुठे टांगायची यावरून त्यांचं गाडीतच लागलेलं होतं. आई म्हणत होत्या मागच्या पडवीत, माय म्हणत होती स्वयंपाकघराच्या खिडकीत, वारा लागतो.

समोरून शालननं हाक मारली, "मावशे, परत आल्या का?"

मायनं गाडीतून उतरता उतरता माळेचं एक टोक धरलं, दुसरं आईंच्या हातात दिलं, आणि मागे वळून न बघता म्हणाली, "गेले होते कुठे मी?"